हिरामावशीचा रिकामा वेळ

स्टॉपवॉचचे बटण दाबून मी आकडा वाचला. एक मिनिट बावन्न सेकंद.

"वाट लागली," मृणाल म्हणाली. "काका, प्रेक्षक दोन मिनिटं काळोखात बसले ना, की एक जण मोबाईल काढतो. एकाने काढला की सगळे काढतात."

मृणाल सबनीस आमच्याच इमारतीत राहते आणि अंधेरीतल्या एका हौशी नाट्यसंस्थेची नाटके बसवते. मी निवृत्त मनुष्य. भांडुपच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे वर्क स्टडी विभागात होतो. कामगार काम करीत असताना शेजारी उभे राहून प्रत्येक हालचालीला किती वेळ लागतो ते टिपायचे, आणि तेच काम कमी वेळात कसे होईल ते सांगायचे, एवढाच आमचा व्यवसाय. तो लोकप्रिय नसतो. माझ्यासारख्या भिडस्त माणसाला तो जमला, कारण त्यात बोलावे फारसे लागत नाही. लिहून द्यायचे असते. साठी उलटल्यावर मी नाटकाच्या विंगेत प्रथमच पाऊल ठेवले, तेही हातात पॅड आणि पेन्सिल घेऊन.

काम असे होते. हंगाम संपला की ही संस्था आपल्या कार्यकर्त्यांसाठी एक संध्याकाळ राखून ठेवते. त्या दिवशी नट मंडळी खुर्च्या लावतात, चहा देतात आणि मग प्रेक्षकांत जाऊन बसतात. रंगमंचावर येतात ते पडद्यामागचे लोक. भाषणे नाहीत, हारतुरे नाहीत. त्या वर्षीच्या नाटकातला सर्वांत अवघड देखावाबदल ते पडदा उघडा ठेवून करून दाखवतात. एकदा उजेडात आणि एकदा नेहमीप्रमाणे काळोखात. यंदा बैठकीच्या खोलीचा दवाखाना करायचा होता. सोफा, टीपॉय आणि पुस्तकांचे कपाट बाहेर. तपासणीचे टेबल, स्टूल आणि औषधांची मांडणी आत. शेवटी वरून एक भिंत खाली यायची. भिंत म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेले रंगवलेले कापड. नाटकवाले तिला फ्लॅट म्हणतात. कापड हलके असते, चौकट नसते.

यंदा अडचण जागेची होती. शाळेच्या सभागृहाची डावी विंग, म्हणजे रंगमंचाच्या बाजूची आडोशाची जागा, फार अरुंद. "नऊच्या वर माणूस नको," असे तिथल्या व्यवस्थापकांनी बजावले होते. आमची दहा भरत होती. सामान हलवणारे सात, दिव्यांवरचा मिलिंद, विंगेच्या तोंडाशी उभी राहणारी हिरामावशी आणि वेळ मोजणारा मी. बदल किती सेकंदांत झाला हे मी त्या दिवशी सर्वांसमोर जाहीर करावे, अशी मृणालची इच्छा होती.

"म्हणजे एकाला बाहेर बसवावं लागणार," ती म्हणाली. "त्याच्याच कौतुकाच्या दिवशी. मला नाही ठरवता येणार, काका. तुम्ही मोजा आणि सांगा."

मी मोजले. तीन रविवार, संध्याकाळच्या तालमींत, विंगेतल्या मिणमिणत्या निळ्या दिव्याच्या उजेडात मी वीस वेळा तो बदल पाहिला. प्रत्येकाला एक अक्षर दिले आणि त्यापुढे त्याची एकेक हालचाल नोंदवली. माणूस सामान उचलतो, नेतो, ठेवतो, रिकामा परततो किंवा नुसता उभा राहतो. या नुसत्या उभ्या राहण्याला आमच्या भाषेत आयडल टाइम, म्हणजे रिकामा वेळ म्हणतात. कारखान्यात आमची सारी शिकार याच रकान्यात होत असे.

कपाट ओढणाऱ्या वाघमारे सरांचा रिकामा वेळ निघाला नऊ सेकंद. सर महापालिकेच्या शाळेत गणित शिकवतात. इतरांचाही असाच, दहा-पंधरा सेकंदांचा. हिरामावशीचा निघाला एक मिनिट बावन्न सेकंदांपैकी एक मिनिट बावन्न सेकंद. तिने वीस वेळांत एकदाही काही उचलले नव्हते. सामान पलीकडच्या बाजूने हलते, पण काम संपले की माणसे इकडे डाव्या विंगेत उतरतात ती एका लाकडी फळीवरून. तिच्यापाशी ती डावा हात थोडा पुढे करून उभी असे. जाणारा प्रत्येक जण तिच्या हाताला स्पर्श करून जाई. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली, सकाळी बाजारात मासळी विकून संध्याकाळी तालमीला येणारी वयस्क बाई. मंडळी तिचा मान राखत असावीत, असे मी समजलो. मानाला आमच्या तक्त्यात रकाना नव्हता.

मी तक्ता मृणालला दाखवला. तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवले.

"मावशी? ती संस्थेत माझ्या आधीपासून आहे."

"आकडे असे आहेत," मी म्हणालो.

"आकडे ठीक आहेत हो. पण तिला सांगणार कोण?"

ज्याने लिहिले त्याने सांगावे, असे मला वाटले. एकतीस वर्षांत मी हे कधी केले नव्हते. ते काम पर्सोनेल, म्हणजे कर्मचारी विभागाकडे असे. मी मावशीसमोर उभा राहिलो आणि माझ्या कागदाकडे पाहत, शक्य तितक्या सभ्य शब्दांत तिला सांगितले.

"म्हनजे मी नुसती उभी रहाते?" तिने विचारले.

"नोंद तशी आहे."

"उभी तर रहातेच," ती म्हणाली. मग पदर खोचून तिने पिशवी उचलली. "बरं साहेब. तुमी शिकलेली मानसं. मी समोर बसते. एवढी वर्सं नाटक केलं, समोरनं कधी बघितलाच नाय."

ती तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. वाघमारे सर माझ्याकडे न बघता कपाटाची दोरी पुन्हा पुन्हा बांधत राहिले.

मावशीशिवायची पहिली फेरी एक मिनिट चाळीस सेकंदांत झाली. बारा सेकंद वाचले. मला समाधान वाटले, हे मी लपवत नाही.

दुसऱ्या फेरीत मिलिंदने दिवे लावले तेव्हा दोघे जण सोफा घेऊन रंगमंचाच्या मधोमध उभे होते. सगळे हसले. "काय रे, दवाखान्यात सोफा कोणाचा?" मृणाल ओरडली. तिसऱ्या फेरीत मिलिंद घाबरून थांबला आणि दोन मिनिटे उलटून गेली.

"काय चाललंय तुझं, मिलिंद? रोज बरोबर घेतोस ना क्यू?" क्यू म्हणजे दिवा लावण्याची ठरलेली खूण.

"रोज मावशी 'हां' म्हणते गं. मग मी दोर सोडतो, भिंत आली की दिवे."

"मग आता अंदाजाने सोड ना!"

चौथ्या फेरीत त्याने अंदाजाने सोडला. काळोखात कप्पी करकरली, भिंत खाली येऊ लागली, आणि तिसऱ्या रांगेतून एक आवाज आला. बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचणारा तो आवाज होता.

"थांबव रे! सर आत हायेत! सहाच उतरले!"

मिलिंदने दोर आवळला. कोणीतरी दिवे लावले. वाघमारे सर वाकून पडलेले स्टूल उचलत होते. भिंतीची खालची लाकडी पट्टी त्यांच्या मानेच्या वीतभर वर थरथरत होती.

सर हळूच बाजूला झाले, स्टूल खाली ठेवले आणि त्यावरच बसले.

मी खाली उतरून मावशीपाशी गेलो. "तुम्हाला कसे कळले? इथून तर काहीच दिसत नाही."

"दिसायला कशाला हवा?" ती म्हणाली. "फली वाजते ना. एक मानूस उतरला की एकदा वाजते. सहाच वेला वाजली. आनि सरांचा पाय जड पडतो, तो वाजलाच नाय."

ते सारे मला समजायला थोडा वेळ लागला. बाकीच्यांनाही लागला, आणि याचेच मला आजही आश्चर्य वाटते. सातही जण तिच्या हाताला स्पर्श करीत, कारण संस्थेत आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांना 'मावशीला हात लावून उतर' एवढेच सांगितले गेले होते. सांगणाऱ्यालाही कोणीतरी तेवढेच सांगितले होते. वाघमारे सर त्याला शकुन समजत. मिलिंद म्हणाला, "ती 'हां' म्हणते हे मला माहीत होतं. ती मोजून म्हणते हे नव्हतं."

"कोणी शिकवलं हे तुम्हाला?" मी विचारले.

"शिकवायचा काय त्यात? पयल्या वर्साला कालोखात एक पोरगी आतच राहिली, तिचा पाय मोडला. मंग मी उभी राहिली. आमच्या घरात होडी लागली की सासू पान्यात उभी रहायची. उतरनाऱ्यानं तिला हात लावायचा न् मंगच वर जायचा. सगल्यांचे हात लागले की ती घरी येयाची." तिने पिशवी मांडीवर ठेवली. "साहेब, ती पन नुसती उभीच रहायची."

मी तो तक्ता घडी करून खिशात ठेवला.

पुढच्या रविवारी मी मावशीच्या शेजारी उभा राहिलो, स्टॉपवॉच न लावता. काळोखात सात माणसे अवजड सामान घेऊन धावत होती आणि तिच्या पापणीचीही हालचाल नव्हती. हाताला स्पर्श झाला की ओठ किंचित हलत. बोटांच्या नुसत्या स्पर्शावरून ती माणूस ओळखत होती. एकदा तिने 'हां' म्हणायला उशीर केला. नंतर कळले की सात हात लागले होते, पण एक हात दोनदा लागला होता. कोणीतरी विसरलेली उशी आणायला परत आत गेले होते. एकतीस वर्षे कारखान्यात उभे राहून मी माणसांच्या हातांकडे पाहिले. इतके एकाग्र काम मी क्वचितच पाहिले असेल. आणि ते माझ्या समोर वीस वेळा झाले होते.

जागेचा प्रश्न मात्र तसाच होता. विंगेत नऊ जण, आणि आम्ही दहा. मृणालने पुन्हा माझ्याकडे पाहिले. या वेळी उत्तर द्यायला मला तक्ता लागला नाही. विंगेतल्या दहा माणसांपैकी एकाला मी अक्षरच दिले नव्हते. तो तीन रविवार एका खुर्चीवर बसून होता, आणि त्याची खुर्ची दोन माणसांची जागा अडवीत होती.

"मी समोर बसतो," मी म्हणालो.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी तिसऱ्या रांगेत बसलो. सभागृह भरले होते. आधी उजेडात बदल झाला. ज्यांना आपण कधी पाहत नाही ती माणसे सोफे, कपाटे, टेबले घेऊन एकमेकांना ओलांडत गेली, आणि कोणाचा कोणाला धक्का लागला नाही. सर्व काही लख्ख दिसत असूनही उतरणाऱ्या प्रत्येकाने मावशीच्या हाताला स्पर्श केला. नायकाचे काम करणारा नट माझ्या पुढच्या रांगेत होता. तो शेजारणीला म्हणाला, "यार, हे सगळं रोज माझ्या पाठीमागे चालतं?"

मग मृणालने सांगितले, "आता काळोखात. काहीही दिसणार नाही. फक्त ऐका."

दिवे गेले. सरकणारे लाकूड, पावले, दबलेले श्वास. आणि मग फळी वाजली. एक. काही क्षणांनी दोन. मी श्वास रोखून मोजत होतो, आणि मला जाणवले की आजूबाजूला सारेच मोजत आहेत. पाच. सहा. मग बराच वेळ काही नाही. एकाही मोबाईलचा उजेड कुठे दिसला नाही. शेवटी एक जड पाऊल पडले, फळी वाजली, आणि त्या पूर्ण शांततेत, हळू पण स्पष्ट, "हां."

कप्पी करकरली. दिवे आले. दवाखाना तयार होता.

टाळ्या थांबल्यावर मृणालने मंचावरून विचारले, "काका, किती?"

मला उभे राहावे लागले. सगळ्यांच्या माना वळल्या. माझ्या हातातले स्टॉपवॉच शून्यावर होते.

"मी... मी सुरूच केले नाही," मी म्हणालो.

सभागृह हसले. विंगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मावशीने हसण्याच्या वर आवाज चढवून सांगितले, "सात! सगले बाहेर!"

देखावाबदलाचा वेळ पुढे सहा सेकंदांनी कमी झाला. औषधांच्या मांडणीला चाके लावावीत, ही माझी सूचना स्वीकारली गेली. संस्थेला माझा उपयोग झाला तो एवढाच. मला झालेला उपयोग असा, की कोणालाही रिकामा ठरवण्याआधी त्याला विचारावे, तू इथे का उभा आहेस? प्रश्न सोपा आहे आणि विचारायला पाच सेकंद पुरतात. एकतीस वर्षांत मी तो कोणालाही विचारला नव्हता.