बॅटरीला लावलेला कौल

आमच्या डिचोलीच्या घरापुढे उतार आहे. सासऱ्यांची पांढरी गाडी त्या उतारावर, तोंड खाली करून, पुढच्या चाकाला चिऱ्याचा तुकडा लावून उभी असायची. किल्ली फिरवली की घुर्र घुर्र करायची आणि टक् करून गप्प. मग चिरा काढायचा, गाडी उतारावर सोडायची, गिअर टाकून क्लच सोडायचा. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, यात काही वावगं दिसत नव्हतं. “अगो, अजून जीव आसा तिच्यात,” म्हणायचे. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी भुकटी गरम पाण्याने धुवायचे आणि म्हाताऱ्या म्हशीला थोपटावं तसं तिला थोपटायचे.

जीव माझा अडकला होता. आई पेडण्याला एकटी राहायची. चतुर्थी झाली की भाऊ तिला कायमची पुण्याला नेणार होता, घराला कुलूप लागणार होतं. फोनवर ती एवढंच म्हणाली होती, “एक दुपार येऊन बस गो माझ्याकडे. ह्या घरात.” बसने जायचं तर आधी म्हापसा, तिथून पेडणे, मग चालत. बाबांचं पथ्याचं जेवण करून निघालं, तर पोचेपर्यंत परतायची वेळ. नवरा खाणीच्या बसने कामाला जायचा, म्हणजे गाडी दिवसभर घरी, आणि मला चालवताही येत होती. तरी मी अडलेली! जाताना उतार होता हो, पण आईचं घर शेताच्या कडेला, सपाटीवर. येताना गाडी कोणी ढकलायची? माझ्या म्हाताऱ्या आईने?

श्रावणात मी बाबांकडे नव्या बॅटरीचा विषय काढला. “दसऱ्याक घालूया नवी,” ते म्हणाले. दसऱ्याला गाडीची पूजा, तेव्हाच नवी वस्तू. मी म्हटलं, तोवर ही मरेल. “नाय मरूची.” माझं डोकंच फिरलं. “मग देवालाच विचारा!” असं मी फणकाऱ्याने बोलले आणि आत जाऊन भांडी आदळली.

आमच्याकडे हे वाक्य रागात बोलायचं नसतं. सोयरीक, विहीर, जमिनीचा वाद, सगळं देवाला विचारून होतं. सोमवारी बाबा आंघोळ करून खरोखरच देवळात गेले. पुजाऱ्याने कौल लावायला मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर आत्ता, डावी पडली तर दसऱ्याला. पडली डावी. मेली ती पाकळी! बाबांनी प्रसाद माझ्या हातावर ठेवला आणि खुशीत म्हणाले, “बरा सुचला गो तुका.” नवरा म्हणाला, “कौल झाला. आता मी काय बोलणार?”

तरी मी निघाले. एका सकाळी बाबा देवळात असताना चिरा काढला आणि गाडी सोडली. पाऊस होता, वायपर चालू, दिवे चालू. म्हापशाच्या अलीकडे चौकात बंद पडली. मागे बस, ट्रक, हॉर्नवर हॉर्न. दोघातिघांनी ढकलून सुरू करून दिली. इथे निदान माणसं होती, आईच्या दारात कोण होतं? मी गाडी वळवली. सगळा रस्ता रडत आले.

बाबा दारातच उभे. “देवान सांगलेला ना?” एवढंच म्हणाले. रागावले असते तर मलाही भांडता आलं असतं.

चतुर्थीत सासरचा गणपती सोडून सून कुठे जाणार? मोदक वळत राहिले. गणपती गेले आणि भाऊ आला. पुण्याहून आईचा फोन आला, “तुझी वाट बघत जराशी थांबले होते गो. मग लावलं कुलूप.”

दसऱ्याला नवी बॅटरी आली. हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ फुटला. बाबांनी मोठ्या मानाने किल्ली माझ्या हातात दिली. एका फटक्यात गाडी सुरू झाली. बाबांचा चेहरा नुसता फुलला होता.

“बघ! आता खंय जावचा आसा थंय जा.”

मी गाडी बंद केली. “कुठे जाऊ, बाबा?”

त्यांनी खरंच विचार केला. “वाळपईक जाऊन ये,” म्हणाले. “रस्तो बरो केलोहा.”