टोरंटो एकाहत्तर, शिकागो चौसष्ट

आई आमच्याकडे आली ती चार दिवसांसाठी, आणि तेही शिकागोहून मुंबईला जाताना विमान लंडनला बदलायचं होतं म्हणून. तीन महिने टोरंटोला दादाकडे, तीन महिने शिकागोला धाकटीकडे आणि लंडनजवळ बेसिंगस्टोकला मधलीकडे, म्हणजे माझ्याकडे, चार दिवस. मी हे कुणाला बोलून दाखवलं नाही, पण हीथ्रोला उभी होते तेव्हा डोक्यात दुसरं काही नव्हतं. ती ट्रॉली ढकलत बाहेर आली. पायात दादाने घेतलेले बूट, अंगात धाकटीने घेतलेला कोट. माझं तिच्या अंगावर काहीच नव्हतं.

गाडीत बसल्यापासून तिचं सुरू झालं. टोरंटोला दादाच्या बिल्डिंगसमोरच बस थांबते, एकटी जाऊन भाजी आणता येते. शिकागोची नदी काय, त्या उंच इमारती काय, बोटीतून बघताना मान दुखून येते. मी गोल चौकांमागून गोल चौक घेत होते. आमच्या गावात ते सोडून दाखवण्यासारखं फारसं नाही, आणि तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

आई साताऱ्याच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवत होती. रिटायर होऊन चौदा वर्षं झाली तरी गुण देण्याची सवय सुटलेली नाही. बाबा गेल्यापासून ती एकटीच राहते आणि आता तिने मुलांकडे राहायला यावं, असं दादा आणि धाकटी दोघांचंही चाललं होतं. दादाकडे वर्षानुवर्षं राहता येईल असा व्हिसा मिळत होता. धाकटी अमेरिकेची नागरिक झालेली, ती कायमचंच बोलावणार होती. म्हणून आईने दोन्ही शहरांची रीतसर परीक्षा घेतली. डायरीच्या मागच्या पानावर दोन रकाने आणि दहा विषय: थंडी, चालायला रस्ते, बस, देऊळ, भाजी, शेजार, डॉक्टर, मराठी माणसं, पाहण्यासारखं आणि शेवटी एकटेपणा. प्रत्येकाला दहापैकी गुण. एकटेपणा जितका जास्त तितके गुण कमी, हे तिने मला समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पोहे खाता खाता तिने डायरी माझ्यापुढे सरकवली. मी दोन्ही शहरं पाहिलेली, तेव्हा एकदा तपासून दे म्हणाली. वर म्हणाली, "तूच बघ. तुझा यात काही स्वार्थ नाही."

स्वार्थ नाही म्हणे. मी पान नीट पाहिलं, उलटूनही पाहिलं. तिसरा रकाना नव्हता.

मग मी त्या दोन शहरांची जी सालटी काढली, ती आठवून आजही लाज वाटते. टोरंटोत थंडीत माणसं जमिनीखालच्या बोगद्यांतून ऑफिसला जातात, म्हटलं, उंदरांसारखी. शिकागोला तळ्यावरून वारा सुटला की कान जागेवर आहेत का ते चाचपावं लागतं. धाकटी शिकागोची म्हणवते, पण राहते तासभर लांब, आणि तिथे फुटपाथसुद्धा नाही. ती दिवसभर ऑफिसात, तू खिडकीत. दादाच्या त्या तेविसाव्या मजल्यावर शेजारी लिफ्टमध्ये आपापल्या बुटांकडे बघत उभे राहतात. यातलं खोटं काहीच नव्हतं. आई मान डोलवत ऐकत होती आणि पेन्सिलीने कुठे अर्धा, कुठे एक गुण कापत होती. मला त्याचा आनंद होत होता. कापून कापून दोन्ही नापास झाली तर बरं, इथवर माझी मजल गेली होती.

दुपारी तिला बागेतल्या तळ्यावर नेलं. बदकं होती, ऊनही पडलं होतं. ती "छान आहे" म्हणाली, ज्या सुरात ती कच्च्या पोरांचं अक्षर छान आहे म्हणायची. पुढच्याच वाक्यात शिकागोचं तळं आलं, ज्याचा पलीकडचा काठ दिसत नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवताना माझी मुलगी डायरी चाळत होती. ती इथेच जन्मलेली, मराठी बोलते पण आपल्या पद्धतीने. तिने सरळ विचारलं, "आजी, आमच्या बेसिंगस्टोकला किती मार्क्स?"

आईने तिच्या ताटात आमटी वाढली आणि शांतपणे म्हणाली, "बेसिंगस्टोक परीक्षेला बसलंच नाही, बाळ."

मी उठून ताट सिंकमध्ये ठेवलं आणि नळ मोठा सोडून भांडी घासायला लागले. डिशवॉशर असताना. आई मागून आली. काय झालं विचारलं. मी म्हटलं काही नाही. पण मग राहवलं नाही आणि सगळंच बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी, बाबांच्या वर्षश्राद्धानंतर, मी लंडनला व्हिसाची कामं बघणाऱ्या एका सॉलिसिटरकडे गेले होते. आईला इथे कायमचं आणायचंय म्हटल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला की आईला स्वतःच्या हाताने अंघोळ करता येते का. जेवता येतं का. मी अभिमानाने सांगितलं होतं की ती सत्तराव्या वर्षी आठवड्यातून दोनदा अजिंक्यतारा चढते. त्याने पेन खाली ठेवलं. इथल्या नियमाने आई अंथरुणाला खिळायला हवी, आणि तिच्याकडे बघायला भारतात कुणी मिळता कामा नये, तरच काही आशा. ती जितकी धडधाकट, तितकी माझी केस कच्ची.

परतीच्या ट्रेनमध्ये मला दादाचा आणि धाकटीचा इतका राग आला होता की महिनाभर मी त्यांचे फोन घेतले नाहीत. त्यांना आई धडधाकट मिळणार होती. आणि मला ती हवी असेल तर तिचं वाईट व्हायला हवं होतं. हे मी नळाच्या आवाजात, तिच्याकडे पाठ करून सांगितलं.

आईने हात पुढे करून नळ बंद केला. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तू पडलीस तरच येता येईल, असं?"

"विचारून आलीस, एवढं तरी." तिने नळ पुन्हा एकदा घट्ट पिळला. "दादाने विचारलं, धाकटीने विचारलं. तू चकार शब्द काढला नाहीस. मला वाटलं, तुला नकोय. आणि नको असलेल्या ठिकाणाला मी काय गुण देणार?"

तिने फडकं घेतलं आणि मी घासलेली भांडी एकेक करून पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरताना तिने निकाल सांगितला. पाहायला शिकागो, राहायला टोरंटो. टोरंटो एकाहत्तर, शिकागो चौसष्ट, माझी सगळी कापाकापी धरून. बसने निकाल फिरवला, कारण धाकटी ऑफिसातून येईपर्यंत खिडकीत बसणं तिच्याच्याने होणार नाही. मी बरं म्हटलं. दादाचा हेवा तेव्हाही वाटला, आजही वाटतो. रविवारी व्हिडिओ कॉलवर ती त्याच्या ओट्यापाशी उभी दिसते, तेव्हा तर फारच.

ती अंघोळीला गेली असताना मी तिचा पासपोर्ट बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवत होते. डायरी तिथेच होती. मी पुन्हा मागचं पान उघडलं. दोन रकान्यांच्या शेजारी, समासाच्या उरल्यासुरल्या जागेत, पट्टी लावून एक तिसरा रकाना आखलेला होता. वर बेसिंगस्टोक. खाली दहाही घरं रिकामी, आणि बेरजेच्या जागी तिच्या वळणदार अक्षरात दोन शब्द: विचारलं होतं.