जॅकेटवाल्या काकू

काकू लाइफ जॅकेट घरूनच घालून निघायच्या. साडी, तिच्यावर केशरी जॅकेट, त्यावर गाडीचा पट्टा. सिग्नलला शेजारच्या गाडीतले लोक बघत राहायचे, तर या हात हलवायच्या. होडीत बसणं मात्र क्वचितच. "तळ्याचा नेम नाही गं," म्हणायच्या.

काकू मूळच्या नागपूरच्या, ओहायोत डॉक्टरकी करून निवृत्त झालेल्या. मी नववीत शाळा सोडलेली. नवरा इथे हॉटेलात कुक, म्हणून आलेली. शेजारीण म्हणून त्या मला स्टेट पार्कच्या तळ्यावर न्यायच्या आणि दर वेळी तेच सांगायच्या: हे तळं देवानं नाही केलेलं, कालव्यातल्या होड्यांना पाणी पुरावं म्हणून माणसांनी बांध घालून केलंय. "कालवा बुजला, तळ्याला काम उरलं नाही. रिटायर्ड, माझ्यासारखं." मग कुणाही मासे धरणाऱ्याच्या बादलीत डोकवायच्या. मी मात्र युनिफॉर्मवाला दिसला की त्यांच्यामागे लपायचे.

माझे वडील गेले तेव्हा व्हिसाचे कागद अडकलेले. जाता आलं नाही. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सगळ्यांनी वचनं देऊन पाहिली, शेवटी दर्भाचा कावळा केला. भाऊ फोनवर म्हणाला, बाबांचा जीव तुझ्यात अडकलाय, ताई. मी दहीभात कालवला आणि काकूंना म्हटलं, तळ्यावर चला.

पान ठेवलं. कावळा नाहीच, बदकं मात्र कळपानं चालत आली. पाठोपाठ पार्कचा रेंजर, युनिफॉर्ममधला. मी काकूंच्या मागे सरकले. इथे पक्ष्यांना खायला घालता येत नाही, असं तो हळू आवाजात म्हणाला. काकूंनी त्याला सगळं समजावलं. त्यानं टोपी काढली, सॉरी म्हणाला, पण नियम सोडला नाही. मी पान उचललं आणि रडायला लागले.

"सांग ना बाबांना, सुखात आहे म्हणून," काकू म्हणाल्या.

ते खरं नव्हतं. तोंडातून निघेना. मग काकूच पाण्याकडे तोंड करून मोठ्यांदा म्हणाल्या, "भाऊसाहेब, पोरगी माझ्याकडे आहे. काळजी नको."

आणि पान मांडीवर घेऊन बाकावर बसल्या. गेलेल्या माणसाच्या नावाचा तो भात. तो कुणी खात नाही. काकूंनी शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. "मीठ कमी पडलंय," एवढंच म्हणाल्या.

पुढे त्यांनी मला दुकानात इंग्रजी बोलायला लावलं, गाडी शिकवली, तापात उशाशी बसल्या. गेल्या थंडीत गुडघ्यांनी दगा दिला, तशा मुलाकडे दूरच्या, उबदार चँडलर शहरात राहायला गेल्या.

यंदा बाबांच्या तिथीला मी एकटीच गाडी काढून तळ्यावर गेले. काठावर उभी राहून मोठ्यानं म्हटलं, बाबा, मी सुखात आहे. खोटं बोलावं लागलं नाही.