गंगुबाईची कोरफड आणि कुंडलिकची टॉमी

विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर गंगुबाई पंधरा वर्षं कोरफडीचा गर विकते. माक्याचं तेल असतं, कडुलिंबाचा रस असतो, पण गिऱ्हाईक येतं ते कोरफडीला. पात कापली की ती बादलीत उलटी उभी करते. पिवळा चीक पुरता गळेपर्यंत गर कुणाला देत नाही, मग आमदाराची बायको का असेना. चीक कातडीला झोंबतो. हे तिला कुठल्या कॉलेजने शिकवलेलं नाही. पार्लरवाल्या तिच्याकडूनच गर नेतात आणि इंग्रजी नावाच्या डबीत भरतात, ते जाऊ दे.

मंगळवारी सकाळी कुंडलिक गॅरेजवाला आला, हातात टायर खोलायची लोखंडी टॉमी. पहिला फटका बादलीवर, दुसरा बाटल्यांवर, तिसरा गंगुबाईच्या उजव्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मी स्टँडवर माझ्या रिक्षात बसून ऐकला. माणसं मोबाईल काढून उभी. मी जाऊन त्याची कॉलर धरली, त्याने माझ्या नाकावर डोकं हाणलं, मी त्याच्या गुडघ्यात लाथ घातली. तेव्हा कुठे त्याला वाचा फुटली. हिच्या कोरफडीने पोरीचं तोंड भाजलं, ही बाई इथे परत बसली तर पेट्रोल ओतून पेटवीन, असं तो ओरडत होता.

मागून त्याची पोरगी संचिता धापा टाकत आली, ओढणीने तोंड बांधलेलं. गंगुबाईने मोडका हात छातीशी धरून तिलाच विचारलं, "बाय, माझ्याकडून कधी नेलास गं?"

पोरगी रडायला लागली. नेलाच नव्हता. सोसायटीच्या कुंडीतली पात तोडून चिकासकट तोंडाला चोळली, वर लिंबू पिळलं, मोबाईलमध्ये बघून. बाप मारेल म्हणून नाव गंगुबाईचं घेतलं.

कुंडलिक वळला आणि टॉमी पोरीवर उगारली. गंगुबाईने डाव्या हाताने पोरीला मागे खेचलं. फटका गंगुबाईच्याच खांद्यावर बसला. मग मी आणि आणखी दोन रिक्षावाल्यांनी त्याला आडवा पाडला. खोटं कशाला सांगू, गरजेपेक्षा जास्त मारला.

शुद्धीवर आल्यासारखा तो पाया पडायला लागला, मावशी, मिटवून टाका. बघ्यांनाही लगेच माया आली, बापाचं काळीज आहे म्हणे. माझं डोकं फिरलं.

पोरीने लावायला काहीतरी मागितलं. गंगुबाई म्हणाली, "आता पाला नाय लावायचा. चामडीच्या डॉक्टरला दाखव, आजच." मग कुंडलिककडे बघून, "हिला दाखवून ये. तोवर मी चौकीत बसते. केस करायची हाय तुझ्यावर."

चौकीत साधी नोंद करून वाटेला लावायला बघत होते. हाड मोडलंय साहेब, गुन्हा लिहा, म्हणून मी टेबल सोडलं नाही. दोन तासांनी लिहिला.

गंगुबाई चौथी शिकलेली, सही करता येते याचा तिला भारी तोरा. हवालदाराने पेन पुढे केलं तेव्हा ती बराच वेळ त्या सुजलेल्या मनगटाकडे बघत राहिली. मग शाईचा पॅड मागितला आणि डावा अंगठा उमटवला.