गोधडीचा चौथा कोपरा

सर्व लहानथोरांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या उन्हाळ्याला ज्याने जन्मात कधी भीक घातली नाही, उलट ऊन जितकं चढेल तितकं जाड पांघरूण शिवायला घेतलं, असा माणूस या पृथ्वीतलावर एकच होऊन गेला, आणि तो नात्याने माझा भाटवा होता. भाटवा म्हणजे बहिणीचा नवरा. पुण्या-मुंबईकडे त्याला भाऊजी म्हणतात आणि मान देतात. आमच्याकडे भाटवा म्हणतात, आणि मान तो स्वतःच वसूल करून घेतो.

भाटव्यांची सगळी नोकरी बैहरच्या जंगलात नाकेदार म्हणून गेली. लाकडाचा ट्रक आला की बांबूचा अडसर खाली करायचा, कागद बघायचे, अडसर वर करायचा. दोन ट्रकांच्या मधे करायला काही नाही आणि बोलायला माणूस नाही. तेव्हा हाताला सुई आणि तोंडाला जनावरं, अशा दोन सवयी त्यांना तिथेच जडल्या. पेन्शनीत निघून बालाघाटला आले तेव्हा सामानाच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर कुत्रा, मांजर आणि बकरी ऐसपैस बसली होती, आणि मागे गाद्यांच्या ढिगावर त्यांना आणायला गेलेली माझी ताई, मांडीत पोपटाचा पिंजरा घेऊन. पोपटाचं सगळं शिक्षण नाक्यावर झालेलं. त्याला एकच पाठ होतं, 'गाडी रोको, कागज दिखाव.' दारात कुणीही आलं की तो हे विचारत असे, आणि नव्या माणसाचा हात नकळत खिशाकडे जात असे. कुत्र्याचं नाव रेंजर. कारण तो दिवसभर झोपे आणि जेवणाच्या वेळेला बरोबर दौऱ्यावर निघे. एकदा खरेखुरे रेंजरसाहेब भेटीला आले असताना भाटवे आतून ओरडले, "रेंजर, टांग आवर, नाहीतर लाथ घालीन." साहेबांनी मुकाट्याने खुर्चीखाली पाय घेतले आणि सरबत संपेपर्यंत बाहेर काढले नाहीत.

मांजरीचं नाव मास्तरीण, आणि ते माझ्या बायकोला उद्देशून नाही असं भाटव्यांनी मला शपथेवर सांगितलं होतं. मी शाळेत शिक्षक होतो, म्हणून हा खुलासा. बकरीचं नाव चंपी. चंपीबद्दल पुढे पुष्कळ सांगायचं आहे, तूर्त एवढंच की त्या घरात सगळ्यात जास्त अक्कल तिला होती.

आता उन्हाचं. मे संपता संपता आमच्याकडे नवतपा लागतो, म्हणजे भाजून काढणारे नऊ दिवस. डांबर चपलेला धरून ठेवतं, कावळे चोच वासून बसतात, आणि अख्खं गाव ओला दुपट्टा तोंडावर घेऊन आडवं होतं. झोपणाऱ्यांचा भाटव्यांना मनस्वी तिटकारा होता. "ऊन रिकाम्या माणसाले हुडकत फिरते, साळेबुवा," ते मला सांगत. "ज्याच्या हाताले काम नाही त्याले लू लागते. काम असलेल्या माणसाले पाहून ते म्हणते, जाऊ दे, हा बिझी हाय." या शास्त्राप्रमाणे ते दाराला वाळ्याची ताटी लावत, तिच्यावर पाणी मारत, आणि गोधडी पसरून बसत. लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायची पद्धत सगळीकडेच आहे. भाटव्यांनी ती जनावरांनाही लागू केली होती. रेंजरच्या गळ्यात कांदा, मास्तरणीच्या गळ्यात कांदा, चंपीच्या गळ्यात कांदा. चंपी पहिल्या तासात आपला कांदा खाई, दुसऱ्या तासात रेंजरचा, आणि मग माझ्या खिशाकडे बघत बसे.

मी तिथे काय करत होतो हे विचारणं साहजिक आहे. मी गोधडीचा कोपरा होतो. गोधडी शिवताना थर सरकू नयेत म्हणून चार कोपऱ्यांवर वजन लागतं. सामान्य माणसं विटा ठेवतात. भाटव्यांना विटा पसंत नव्हत्या. "वीट तापते, अन् बोलत नाही," हा त्यांचा आक्षेप. म्हणून एका कोपऱ्यावर रेंजर, दुसऱ्यावर मास्तरीण, चौथ्यावर चंपी, आणि तिसऱ्यावर जो कोणी त्या दिवशी चुकून घरात येईल तो. गावाला हे माहीत झालं होतं, त्यामुळे नवतपात पोस्टमनसुद्धा पत्रं फाटकावरून आत फेकत असे. उरलो मी, सुट्टीतला शिक्षक आणि त्यातून साळा. चाळणी परत करायला म्हणून जावं आणि संध्याकाळी मुंग्या आलेले पाय घेऊन परतावं, असं माझं कित्येक उन्हाळे चाललं. एका दुपारी बसल्या बसल्या मी समोरच्या ठिगळाकडे बघत होतो. निळ्या पट्ट्यांचं ते कापड ओळखीचं वाटलं.

"भाटवे, हा माझा सदरा आहे."

"होता," भाटवे म्हणाले. "तारेवर वाळत होता. म्हटलं, बिचारा रिकामा लटकून राह्यला."

बाकी कापड म्हणजे बहुतेक त्यांचा खाकी गणवेश. त्यामुळे त्यांच्या घरी पाहुणा गोधडी ओढून झोपला की वनखात्याने जप्त केल्यासारखा दिसे. एका गोधडीला तर खिसा तसाच होता, बटणासकट. त्यात पाहुणे विड्या ठेवत.

असा हा एका उन्हाळ्यात चार गोधड्या हातावेगळ्या करणारा माणूस. त्याला ज्या वर्षी वीतभर दुपटं पुरं होईना, त्या वर्षाची ही हकीकत.

ताईची एकुलती एक लेक गोंदियाला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि वैशाखात तिला मुलगी झाली. आमच्या घरात रीत अशी, की पहिल्या बाळाने आजोळातून निघायचं ते आजोळच्या गोधडीत. गोधडी पुरी झाली नाही तर बाळ उंबरठा ओलांडत नाही. दुसरी रीत अशी, की शेवटची शिवण घालण्याआधी कोपऱ्यात पोळीचा एक घास शिवून टाकायचा. गोधडी उपाशी राहिली नाही म्हणजे तिच्यात झोपणारंही उपाशी राहत नाही. घास हा नखाएवढा, कोरडा असतो. भाटव्यांनी तो मुठीएवढा केला, तुपात भिजवला, वर गूळ कुस्करला. त्यांनी शिवण घातली, हात धुवायला उठले, आणि परत येईपर्यंत चंपीने घास खाल्ला होता, भोवतीच्या कोपऱ्यासकट.

आम्ही हसलो. भाटव्यांनी कोपरा नव्याने लावला. पुन्हा घास, या वेळी मोहफुलाच्या लाडवाचा. पुन्हा चंपी. बाळाला सव्वा महिना उलटून गेला, गोंदियाहून निरोपावर निरोप आले, आणि भाटवे कपाळाला हात लावून प्रत्येकाला सांगत, "माह्याकडून उशीर नाही. जनावर हाय, त्याले काय समजते?"

ताईने एकदा मला मोरीजवळ गाठलं. "तुले समजून नाही राह्यलं काय रे? बकरीले कोपऱ्यावर कोण बसवते? लाडू कोण घालते? पोरगी जाऊ नाही म्हणून चाललं हे सारं." मग भांडी आपटत म्हणाली, "आपली लेक लहान होती तवा हे नाक्यावर. सहा-सहा महिन्यानं घरी येत. ते पोट्टी मले विचारे, आई, हा माणूस कवा जाईन? ऐकलं होतं त्यायनं. आता नात मांडीवर मुतते तर उठत नाहीत. म्हणतात, ओळखते मले."

त्यानंतर मी चंपीकडे वेगळ्या नजरेने बघू लागलो. ती कट करत नव्हती, नोकरी करत होती.

आणि मग विहीणबाई स्वतःच आल्या. भक्कम बांधा, काळी छत्री, कमी बोलणं. स्टेशनातून भर उन्हात चालत आल्या, आणि दारात पोपटाने कागद मागितले. त्यांनी पिंजऱ्याकडे एकदा बघितलं. तो आयुष्यात प्रथमच गप्प बसला.

"इवाई, गोदडी झाली काय?" पाण्याचा गडू खाली ठेवत त्यांनी व्याह्यांना विचारलं.

"होऊन राह्यली, इहीनबाई."

"निरोप धाडला तवाही होऊनच राह्यली होती."

"उन्हानं दोरा तुटते."

"गोंदियाले ऊन नाही पडत काय?"

एका रात्रीसाठी आलेल्या विहीणबाई दुसऱ्या दिवशी जाऊ शकल्या नाहीत, कारण सकाळी कोपरा पुन्हा गेला होता. विहीणबाईंनी आरडाओरडा केला नाही. उरलेली चिंधी उचलली, नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "तूप चांगलं हाय, इवाई. घरचं काय?" मग जेवण झाल्यावर पदर खोचला. "बकरीले बाहेर बांधा."

"बाहेर? या तपात? मरून जाईन ते बिचारी."

"मंग राहू द्या आत. कोपऱ्यावर मी बसते."

आणि त्या बसल्या. एका कोपऱ्यावर रेंजर, दुसऱ्यावर मास्तरीण, तिसऱ्यावर मी, चौथ्यावर विहीणबाई. मी उभ्या आयुष्यात इतक्या प्रतिष्ठित गोधडीला धरून बसलो नव्हतो. चंपी येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. दोघींनी एकमेकींना नीट न्याहाळलं. चंपी वळून घडवंचीखाली जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत तिने तोंड दाखवलं नाही.

भाटव्यांनी सुई उचलली आणि इतके बारीक टाके घालायला लागले की बोटभर जाता जाता अर्धी दुपार सरावी.

"हे टाके होत का मुंग्या?" विहीणबाई म्हणाल्या.

भाटव्यांचा चष्मा हरवला. तो त्यांच्या कपाळावर होता, विहीणबाईंनी दाखवला. दोरा संपला. विहीणबाईंच्या पिशवीत रीळ होतं. सुई हरवली. त्यांनी हातातल्या बांगड्यांना लटकलेल्या पिनांच्या झुबक्यातून एक सुई सोडवली, स्वतः ओवली आणि पुढे केली. भाटव्यांनी चहाची फर्माईश केली. ताई दारातून म्हणाली, "दूध नासलं." ते खरं नव्हतं.

आतल्या खोलीत बाळ जरा कुरकुरलं. भाटव्यांचा हात थांबला, विहीणबाईंची मानही तिकडे वळली. दोघंही उठली नाहीत, कारण एकाच्या हातात सुई होती आणि दुसरीच्या खाली कोपरा. माझी भाची बाळाला थोपटते आहे असं ऐकू आलं, तेव्हा कुठे दोघांनी श्वास सोडला. ताटीतून पाणी ठिबकत होतं.

"पाळणा कवाचा टांगून ठेवला घरी," विहीणबाई म्हणाल्या, कुणाकडे न बघता. "येताजाता हात लागते, अन् रिकामाच हालते."

भाटव्यांनी त्यांच्याकडे बघितलं. मग चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला, आणि मी त्यांना इतकी वर्षं ज्या वेगाने शिवताना बघत आलो होतो त्या वेगाने शिवू लागले. मुंग्यांचे पुन्हा टाके झाले. उन्हं कलायच्या आत नव्या कोपऱ्याच्या तीन बाजू पुऱ्या झाल्या. घास घालायची वेळ आली तेव्हा ते सवयीने आतून मुठीएवढा गोळा घेऊन आले. विहीणबाईंनी त्यातला नखाएवढा चिमटून कोपऱ्यात ठेवला, उरलेला स्वतः खाल्ला, आणि म्हणाल्या, "घाला शिवण, इवाई." भाटव्यांनी शिवण घातली. दोरा दाताने तोडला. चंपी घडवंचीखालून हे सगळं बघत होती. माझी खात्री आहे, तिला नोकरी गेल्याचं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या छोट्या गाडीने, म्हणजे नॅरोगेजने, विहीणबाई मायलेकींना घेऊन निघाल्या. भाटव्यांनी घरापासून स्टेशनपर्यंत सामानाला हात लावू दिला नाही कुणाला. वाटेत त्यांनी विहीणबाईंना बाळाला कोणत्या कुशीवर झोप येते ते सांगितलं, उचकी लागली तर काय करायचं ते सांगितलं, आणि विहीणबाई, ज्यांनी पाच मुलं वाढवली होती, प्रत्येक गोष्टीला "हौ" म्हणत ऐकत राहिल्या. डब्यात ट्रंका लागल्या, सुरई खिडकीशी बसली, भाची आणि विहीणबाई आत जाऊन बसल्या. मग भाटव्यांनी गोधडीत गुंडाळलेलं बाळ खिडकीतून विहीणबाईंच्या हातात दिलं. दिलं म्हणजे विहीणबाईंनी घेतलं, भाटव्यांची बोटं मात्र गोधडीच्या काठावरून सुटली नव्हती. गार्डाने हिरवी झेंडी हलवली. गाडीने हिसका दिला आणि ती सरकू लागली, माणसाच्या चालीने, जशी ती लहान गाडी नेहमीच सरके. भाटवे बाजूने चालू लागले. ताई मागून म्हणाली, "अवो, सोडा आता." फलाट संपत आला होता. आणि तो माणूस, ज्याने आमच्यापैकी कुणाकडेही आयुष्यात काही मागितलं नव्हतं, सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलून गेला, "इहीनबाई, गोदडी घेऊन जा तुम्ही, चारी कोपरे घेऊन जा. पोरीले राहू द्या."