दारापर्यंत दोनशे दहा इंच

भिंगरी माझ्याकडे चौथीत होती. फळा पुसायचा असो की कुणाचं दप्तर उचलायचं असो, माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ही बाकावरून उठलेली. खरं नाव हजेरीपटातच राहिलं. आता ती आरोग्य केंद्राकडून घरोघरी आजाऱ्यांची सेवा करायला जाते.

आमच्या समोरच्या दारी शिंपीकाका राहतात. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा भिंगरीच येऊ लागली. काकांनी पाण्याकडे नुसतं पाहिलं की पेला हातात. चष्मा, रेडिओ, वर्तमानपत्र, सगळं खुर्चीला खेटून. चार महिन्यांत हाड जुळलं, पण काका काही खुर्ची सोडेनात.

मग केंद्रातल्या व्यायामाच्या बाई आल्या. खोलीभर नजर फिरवून भिंगरीला म्हणाल्या, "तुम्ही फार मायाळू आहात हो. यांच्या पायांना कामच ठेवलं नाहीत."

पाणी खिडकीशी गेलं, रेडिओ फळीवर. पुढच्या शुक्रवारी डॉक्टर येणार होते. काकांनी एकट्यानं जाऊन दार उघडलं तर घरी राहायचं, नाहीतर मुलानं वृद्धाश्रमात जागा बघून ठेवलीच होती.

"आणि मी काय करू?" भिंगरीनं विचारलं.

"बसा."

"नुसती?"

"हात मांडीखाली घेऊन बसा हवं तर."

काका रोज भिंतीच्या कडेनं वॉकर रेटत जात आणि जिथवर पोचत तिथे भिंतीवर कापडावरच्या खुणांच्या खडूनं रेघ ओढत. खुर्ची ते दार दोनशे दहा इंच. गुरुवारी रेघ एकशे नव्वदवर आली.

"राहिलं किती? एका बाहीचं कापड!" काका म्हणाले.

मांडीखालचे भिंगरीचे हात मात्र शिवशिवत होते. शुक्रवारी सकाळी मी वर्तमानपत्र परत द्यायला गेले, तर काका भिंतीकडे बघत बसलेले.

"माझी रेघ कुठाय गं?"

भिंगरीच्या हातातलं फडकं थबकलं. "डॉक्टर यायचेत म्हणून जरा भिंत..."

"अगं भवाने, माझे आठ दिवस पुसलेस! आता कुठवर जमतं ते मला कसं कळायचं? मी नाही उठत जा."

तेवढ्यात घंटी वाजली.

भिंगरी ताडकन दाराकडे निघाली. मग माझ्याकडे पाहून ओशाळली, बसली, हात मांडीखाली घेतले. काका हलेनात. घंटी पुन्हा वाजली. बाहेरून आवाज आला, "कोणी नाही वाटतं घरात."

मलाही राहवेना. पुढे होऊन कडी काढायला कितीसा वेळ लागला असता!

"आलो, आलो!" काका ओरडले आणि वॉकरचा खडखडाट सुरू झाला. मध्येच थांबला. काकांचा हात भिंतीवर रेघ चाचपडत होता. सापडली नाही. भिंगरीनं डोळे मिटून घेतले. जिन्यावर पावलं उतरू लागली.

काकांनीच कडी खाली ओढली.

"अहो, किती वेळ?" डॉक्टर धापा टाकत परत वर आले.

"दम धरा. माप घेतल्याशिवाय शिंपी पुढे जात नाही."

डॉक्टरांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि कागदावर लिहिलं: घरीच राहू शकतात.

काका चौकटीला टेकून म्हणाले, "भिंगरे, खडू दे गं."

ती अर्धी उठली आणि परत बसली.

"शिवणयंत्राच्या खणात आहे, काका. घ्या तुम्हीच."