वकीलबाईंची पाठ

वकीलबाई तोंडाने फटकळ. कारकून, शिपाई, प्रसंगी न्यायाधीशसुद्धा त्यांना वचकून असत. एका खटल्यात पोलिसांनी झोडपून घेतलेला कबुलीजबाब चालणार नाही, म्हणून त्या हिरिरीने भांडल्या आणि खुनाचा आरोपी सुटला. त्यात आपलं काही चुकलं, असं त्यांना कधीच वाटलं नव्हतं.

पुढे काळा कोट विरला, म्हणून त्या गल्लीतल्या शिंपीणबाईंकडे माप द्यायला गेल्या. म्हातारीने टेप पाठीवर धरला आणि तिचा हात थांबला.

"माझ्या लेकीच्या खुनाच्या खटल्यात तुम्हीच होतात ना? मी मागच्या बाकावर बसायचे. तुमचं तोंड कधी दिसलंच नाही, पण ही पाठ विसरले नाही."

वकीलबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मावशी, त्या माणसाला फार मारलं होतं हो."

"मारलं असेल. मारा म्हणून मी नव्हतं सांगितलं. तुम्ही एकदा तरी मागे वळून बघाल, असं मात्र वाटायचं."

वकीलबाई गर्रकन वळायला गेल्या. म्हातारीने दोन्ही खांदे धरून त्यांना होत्या तसंच उभं केलं.

"आता नका हलू. माप चुकेल."